रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा) व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमवर घ्यावा की 60 वर?

देवगडवाला
मालवण, आरे-वारे, वेळणेश्वर, कुठलाही नवा व्हिडिओ लावा. रंग सुंदर, पण हालचाल खडखडीत. लाटेचा प्रत्येक थेंब टोकदार, चालणारा माणूस झटके देत पुढे येतो. दोष शटरचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश किती वेळ आत येतो त्याचा आहे. मोबाइलच्या लेन्सचं छिद्र बहुधा लहान करता येत नाही, म्हणून भर उन्हात ऑटोवर शटर 1/2000, कधी 1/4000 सेकंदापर्यंत जातं. प्रत्येक फ्रेम गोठते, दोन फ्रेमच्या मधली हालचाल नोंदलीच जात नाही.

सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिरतं शटर साधारण 180 अंश उघडं असायचं, म्हणजे फ्रेमच्या निम्म्या वेळात प्रकाश आत. 24 फ्रेमला 1/48 सेकंद. तेवढ्यात हललेला हात जरासा पुसट होतो आणि डोळा पुढचं जोडून घेतो. आपण 25 फ्रेम आणि 1/50 ठेवावं. दुपारच्या किनाऱ्यावर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100 आणि लेन्सचं छिद्र एफ 2.8 इतकं मोठं हवं असेल तर सहा स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) प्रकाश अडवावा लागतो, म्हणजे लेन्सवर एनडी 64 ही काळी काच. लॉगमध्ये (रंग नंतर भरायचं फिकट चित्र) आयएसओ 800 असेल तर आणखी तीन स्टॉप.

रापण ओढताना माणसं टाच वाळूत रोवून मागे रेलतात. 60 फ्रेमच्या काचेसारख्या चित्रात तो जोर मला दिसत नाही. 25 वर दिसतो.

पालखीप्रेमी
अजिबात पटलं नाही. 24 हा आकडा 1920 च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले तेव्हा ठरला, कारण आवाजाला एकच पक्का वेग लागतो. त्याआधी वेग कमीजास्त असायचा. डोळ्याला 24 च गोड लागतं असं शोधून कुणी तो ठरवला नव्हता.

आणि तुमचा व्हिडिओ बघतंय कोण? मोबाइलवरचा माणूस. पडदा 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणारा असेल तर 25 ने भाग जात नाही. काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दिसतात आणि क्षितिजावरून कॅमेरा फिरवला की माड अडखळतात. 30 आणि 60 तिथे नीट बसतात.

शिमग्यात पालखी डोक्यावर घेऊन नाचवतात. 1/50 वर देवीची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, नुसता चंदेरी पुसट पट्टा होतात. मुंबईत अडकलेल्या माणसाला ती रूपं बघायची असतात हो, तुमचा सिनेमा नको असतो!

रातचो प्रेक्षक
ह्या भांडणात माझो येक प्रश्न. जत्रेत दशावतार शूट करतंय, तर लायटीमुळे चित्रात काळे पट्टे सरकतत. काय करू?

देवगडवाला
@रातचो प्रेक्षक, आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला 100 वेळा उजळतात-मंदावतात. 1/50 मध्ये बरोबर दोन फेऱ्या बसतात, 1/60 मध्ये अर्धवट राहतात. तेच पट्टे. शटर 1/50 किंवा 1/100 ठेव.

@पालखीप्रेमी, पडद्याचं गणित मान्य. मग 30 फ्रेम घ्या, पण शटर 1/50 ठेवा, म्हणजे 216 अंश. माड अडखळतात ते मात्र बऱ्याचदा घाईमुळे. झाड पडद्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद तरी लागावेत.

कणकवली एडिट
दोघंही घेतानाच निर्णय करून बसताय. 50 फ्रेम आणि 1/50 वर घ्या. नंतर एक सोडून एक फ्रेम काढली की 25 फ्रेम, 1/50, तंतोतंत सिनेमाचं शटर. कुणाला 50 हवं तर तेही हातात.

फक्त कमी फ्रेमचं चित्र सॉफ्टवेअरने स्लो करायला जाऊ नका. ऑप्टिकल फ्लो दोन फ्रेममधले ठिपके जुळवून मधलं चित्र बनवतो. होडी, माणूस जमतं. फेसाळ लाट आणि पाऊस जमत नाही, कारण पुढच्या फ्रेममध्ये तो थेंबच नसतो. पाणी चिखलासारखं ओघळतं. आपल्याकडच्या प्रत्येक दुसऱ्या शॉटमध्ये पाणी असतं, म्हणून सांगतोय.

पालखीप्रेमी
युक्ती चांगली, रापणीला करून बघेन. पण तुमच्या 50 फ्रेममध्येही शटर 1/50 च, म्हणजे रूपं पुसटच. पालखीला मी 60 फ्रेम आणि 1/250 च ठेवणार. खडखडाट दिसला तर दिसू दे, देवीचे डोळे दिसले पाहिजेत.