प्रतिसाद: जमिनीआधी एक पावसाळा भाड्याने राहावे

पुण्यातले घर विकून वेंगुर्ल्याला कायमचे जाण्याच्या, आपण इथे मांडलेल्या विचाराला माझा मनापासून पाठिंबा आहे; मात्र आधी जमीन घ्यावी, हा दुसऱ्या एका वाचकाने आपल्याला दिलेला सल्ला पटत नाही. १९४८च्या कुळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि कोकणात एकेका सातबाऱ्यावर मुंबईत पांगलेल्या भाऊबंदांची इतकी नावे असतात, की सह्या मिळता मिळता वर्षे जातात. त्यापेक्षा एक पावसाळा आणि पुढचा वैशाख भाड्याच्या घरात काढावा. खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजतात, जुलैत कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी चढते, आणि एवढा पाऊस पडूनही सच्छिद्र जांभ्या दगडातून पाणी झिरपून गेल्यामुळे मे महिन्यात कित्येक विहिरी तळ गाठतात. आईंच्या हृदयविकाराचा उल्लेख आपण केला आहे, म्हणून घर शक्यतो वेंगुर्ला शहरातच, रुग्णालयाजवळ पाहावे; गंभीर दुखण्यासाठी तिथले अनेक जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात.