चर्चमधून उमेदवाराचा प्रचार: अमेरिकेत काय चालतं, काय नाही?

पिंपळपान
अमेरिकेतल्या ख्रिस्ती राष्ट्रवादाबद्दल (देश ख्रिस्ती आहे आणि सरकारनेही तसंच चालावं, हा विचार) वाचताना 'जॉन्सन दुरुस्ती' सारखी आडवी येते. कुणी म्हणतं तिने पाळकांची तोंडं बांधली, कुणी म्हणतं ती २०२५ मध्ये रद्दच झाली. खरं काय? पाळक गर्भपातावर बोलू शकतो का? उमेदवाराला उपासनेला बोलावता येतं का? आणि हाच नियम तिथल्या मराठी मंडळांना लागतो का?

कलमबहाद्दर
रद्द झालेली नाही. १९५४ मध्ये सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी करकायद्यात ही अट घातली: कलम ५०१(सी)(३) खाली करमाफी असलेल्या संस्थेने सार्वजनिक पदाच्या उमेदवाराच्या प्रचारात भाग घ्यायचा नाही. 'किंवा विरोधात' हे शब्द १९८७ मध्ये आले. चर्च, विद्यापीठ, अनाथालय, सगळ्यांना एकच अट.

बंदी उमेदवारावर आहे, विषयावर नाही. गर्भपात, स्थलांतरित, फाशी, पाळकाने खुशाल बोलावं. अमुक विधेयक पाडा असंही सांगता येतं, फक्त ते संस्थेच्या एकूण कामाचा मोठा हिस्सा होता कामा नये. मोठा म्हणजे किती टक्के, हे कायद्यात लिहिलेलं नाही. इतर धर्मादाय संस्था ५०१(एच) चा पर्याय घेऊन खर्चाची ठरीव मर्यादा मागू शकतात, चर्चला तो पर्यायच नाही.

उमेदवाराला उमेदवार म्हणून बोलवायचं तर बाकीच्यांनाही तशीच संधी द्या, पाठिंबा नाही हे स्पष्ट सांगा आणि तिथे प्रचारासाठी पैसे गोळा होऊ देऊ नका. मतदार नोंदणी चालते. घसरतात ते 'मतदार मार्गदर्शिके'त: दोनच प्रश्न निवडायचे आणि उत्तरांपुढे बरोबर-चूक अशा खुणा करायच्या. नाव न घेताही हा प्रचारच ठरू शकतो. करखात्याने २००७ मध्ये अशा २१ प्रसंगांचा निवाडा (२००७-४१) छापलाय, तो आधी वाचावा.

ओसरी
मंडळांबद्दल: नोंदणी ५०१(सी)(३) असेल तर हो, अगदी तसाच लागतो. चुका ठरलेल्या. दिवाळीच्या कार्यक्रमात एकाच उमेदवाराला माइक देणं. सभासदांची ईमेल यादी प्रचारवाल्यांना फुकट देणं. मंडळाच्या फेसबुक पानावरून 'आपला माणूस' म्हणून आवाहन करणं. माणूस मराठी आहे म्हणून सूट मिळत नाही! अध्यक्षांनी वैयक्तिक पाठिंबा द्यावा, पण मंडळाच्या मंचावरून नको आणि मंडळाच्या पत्रिकेतही नको. करमाफी जाण्याखेरीज, प्रचारावर झालेल्या खर्चाच्या १० टक्के कर संस्थेवर आणि जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या पदाधिकाऱ्यावर २.५ टक्के बसू शकतो.

२०२५ चा गोंधळ असा. टेक्सासमधल्या एका खटल्यात करखात्याने त्या जुलैमध्ये फिर्यादी चर्चेससोबत मिळून कोर्टात अर्ज केला: उपासनेच्या ओघात, नेहमीच्या मार्गाने, आपल्याच मंडळीशी श्रद्धेच्या नजरेतून निवडणुकीबद्दल बोलणं म्हणजे प्रचारात भाग घेणं नव्हे. अर्ज म्हणजे कायदा नव्हे. शिवाय त्यात फक्त प्रार्थनास्थळांचा विचार होता, मंडळांना त्याचा काडीचा आधार नाही.

कोरा कागद
कायदा वरीलप्रमाणेच, पण 'तोंडं बांधली' हे अंमलबजावणी पाहता अतिशयोक्त आहे. १९९२ च्या निवडणुकीच्या चार दिवस आधी न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनजवळच्या एका चर्चने दोन वृत्तपत्रांत बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध पानभर जाहिरात दिली आणि तिच्यासाठी करमुक्त देणग्याही मागितल्या! करखात्याने मान्यता काढली, २००० मध्ये अपील कोर्टाने ते उचलून धरलं. इतकं उघड केल्यावर ही कारवाई. एरवी चर्चची चौकशी सुरू करायलाच कलम ७६११ प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याने सकारण, लेखी खात्री नोंदवावी लागते. २००८ पासून काही पाळकांनी मुद्दाम नावं घेऊन प्रवचनं केली, तरी खात्याने सहसा काणाडोळा केला.

मात्र चर्चमध्ये राजकारण म्हणजे ख्रिस्ती राष्ट्रवाद, हे समीकरण चुकतं. कृष्णवर्णीयांची चर्चेस रविवारी उपासनेनंतर लोकांना बसमधून मतदानाला नेतात, तो मताधिकाराचा आग्रह आहे. राष्ट्रवाद वेगळा मोजतात. समाजशास्त्रज्ञ व्हाइटहेड आणि पेरी सहा विधानं वापरतात: सरकारने देश ख्रिस्ती जाहीर करावा, ख्रिस्ती मूल्यांचा पुरस्कार करावा, सार्वजनिक जागी धर्मचिन्हं लावू द्यावीत, सरकारी शाळांत प्रार्थना होऊ द्यावी, देशाचं यश ही देवाची योजना आहे, आणि चर्च-राज्य फारकत काटेकोर पाळावी (याचे गुण उलटे). प्रत्येकाला ० ते ४, एकूण २४.

गंमत अशी की हा गुणांक वेगळा काढला, तर नियमित प्रार्थना आणि बायबलवाचन करणाऱ्यांची मतं काही प्रश्नांवर, उदाहरणार्थ स्थलांतरितांबाबत, उलट दिशेला झुकतात. म्हणून सर्वेक्षण वाचताना 'चर्चला किती वेळा जाता' आणि 'देश कुणाचा' हे दोन प्रश्न एकाच रकान्यात टाकलेत का, ते आधी तपासा.

पिंपळपान
मग शाळाप्रार्थनेला 'हो' म्हणणारा प्रत्येक जण राष्ट्रवादी?

कोरा कागद
नाही. एका विधानाला होकार म्हणजे फार तर ४ गुण. बेरीज पाहायची.