मदत हवी आहे: फवारणी पंपाच्या नव्या बॅटऱ्या महिन्याभरात परत येऊन रायल्या, दुकान बसते आता

दहाचा_पान्हा
आम्हा तिघा मित्रांचं पंप दुरुस्तीचं दुकान. १२ व्होल्ट ८ एएचच्या (अ‍ॅम्पियर-तास) शिशाच्या ३० बॅटऱ्या आणल्या, बहुतेक विकल्या, ११ परत. गिऱ्हाईक म्हणते चारच टाक्यांत पंप बसते. एक पार्टनर म्हणते ठोकवाल्यानं डुप्लिकेट माल दिला, दुसरा म्हणते लोकांले चार्जिंग जमत नाही. वॉरंटी सहा महिन्यांची, तीही आम्हीच तोंडी दिलेली. पोळ्यापर्यंत निस्तरलं नाही तर शटर पाडा. कोणत्या कंपनीची घ्यावी तेवढं सांगा, लवकर.

गेजवाला
कंपनी नंतर. माल कधी आणला? ठेवला कुठं? परत आलेली फुगली आहे का? चार्जर कोणता, त्याचा व्होल्टेज किती?

लिथियम_भाऊ
शिशाच्या बॅटरीचा नाद सोडा. लिथियम लोहफॉस्फेटचे ४ सेल, १२.८ व्होल्ट ६ एएचचा पॅक बसवा. वजन निम्म्याहून कमी, शेवटच्या टाकीपर्यंत प्रेशर सारखं.

दहाचा_पान्हा
विचारलं काय, सांगता काय. मार्चमध्ये आणला, तेव्हा भाव उतरला होता. फुगलेली एकही नाही. चार्जर पंपासोबत येते तोच. चार्ज तं झटपट होते, अर्ध्या तासात हिरवा लाईट.

गेजवाला
उत्तर तुम्हीच दिलंत. रिकामी ८ एएचची बॅटरी १.७ अ‍ॅम्पियरच्या चार्जरवर पाच-सहा तास घेते. अर्ध्या तासात हिरवा म्हणजे ती भरली नाही, तिला घेताच येत नाही. आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसला. मीटर १२.६ व्होल्ट दाखवेल, मोटर लावली की धाडकन खाली. मार्च ते जुलै माल टिनाखाली होता ना?

दहाचा_पान्हा
हाव. मागच्या खोलीत, टिनच आहे. पण सीलबंद नवा माल होता.

गेजवाला
सील असलं तरी आत झीज चालूच असते. २५ अंशाला महिन्याला साधारण ३ टक्के चार्ज आपोआप उतरतो, आणि दर १० अंशांना हा वेग जवळपास दुप्पट. उन्हाळ्यात टिनाखाली ४५ धरले तरी महिन्याला १२ टक्के. पाच महिन्यांत बॅटरी अर्धी रिकामी, आणि अर्धी रिकामी पडून राहिली की सल्फेट घट्ट होतं. फुगली असती तर चार्जरवर संशय घेतला असता: चार्जर १५ व्होल्टच्या वर गेला तर बॅटरी आतून वाळते, १३.६ लाच अडकला तर रोज अर्धपोटी राहते. १४.४ ते १४.७ हवा.

वऱ्हाडी_जुगाड
इतकं काय त्यात. वरची पट्टी काढा, रबराच्या टोप्या उघडा, सहाही खान्यांत सिरिंजनं डिस्टिल वॉटर सोडा. उठते बॅटरी.

गेजवाला
वाळलेली असेल तर थोडी उठते. यांची वाळलेली नाही. पाण्यानं सल्फेट सुटत नाही, आणि हौसेनं ॲसिड ओतलं तर उरलेली प्लेटही जाईल.

वऱ्हाडी_जुगाड
ॲसिड कोण म्हणलं बाप्पा? पाणी म्हणलं मी.

कपाशी_९०_दिवस
पंपाचं पण पाहा. एका मोटरचा पंप साधारण २ ते ३ अ‍ॅम्पियर ओढते. ४ च्या वर गेला तर आतला रबरी पडदा कडक झाला, नाही तर बेअरिंग गेलं. नोझल बंद करून मोटर थांबत नसेल तं प्रेशर स्विच खराब, नाही तर कुठं गळती. असा पंप चांगली बॅटरीही लवकर बसवते. अन् झाकणाची वायसर गळत असेल तं बदलल्याशिवाय पंप परत देऊ नका, औषध थेट पाठीवर येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली. खोलण्याआधी टाकी तीनदा धुवा, हातमोजे घाला.

लिथियम_भाऊ
हेच म्हणतो, लिथियम लावा म्हणजे कटकटच नाही.

गेजवाला
आणि गिऱ्हाईक जुनाच चार्जर लावेल, त्याचं काय? लोहफॉस्फेटला १४.६ चा त्याचाच चार्जर द्या. बाजारात दुसऱ्या जातीच्या लिथियमचे ३ सेलचे पॅकही मिळतात, ते १२.६ लाच भरतात. त्यांना शिशाचा चार्जर लावला तर सगळी मदार जास्त भरणं तोडणाऱ्या आतल्या संरक्षण पट्टीवर, आणि स्वस्त पॅकात ती कशी असते ते तुम्हाला माहीत आहे.

वही_खातं
तिघांचा लेखी करार आहे का? नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानं नफा-तोटा तिघांचा सारखा, आणि दुकानात जास्त बसणाऱ्याला वेगळा पगार मागता येत नाही. फर्म नोंदलेली नसेल तर ठोकवाल्यावर करारापोटी दावाही लावता येत नाही. नोंदणी करून घ्या.

दहाचा_पान्हा
कराराचं कोणी विचारलं? दहा बॅटऱ्या अजून पडून आहेत, त्यांचं काय करू ते सांगा. अन् ११ गिऱ्हाईकांचं.

गेजवाला
आज दहाही टर्मिनलवर मोजा. १२.४ व्होल्टच्या वर असेल ती पूर्ण चार्ज करून ठेवा, विकता येईल. १२ ते १२.४ मधली ०.४ अ‍ॅम्पियरवर, १४.७ च्या मर्यादेत, २४ तास लावा. हातानं गरम लागली की काढा. ११ च्या खाली गेलेलीवर वीज वाया घालवू नका. सगळ्यांना चार्जनंतर सहा तास विसावा, मग लोड टेस्ट: मोटरसायकलचा २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब लावा, घड्याळ बघा. चांगली बॅटरी साडेतीन तासांच्या आसपास १०.५ वर येते. दोन तासांच्या आत आली तर भंगारात. परत आलेल्यांवरही हेच करा, मग कोणाची बदलायची हा वाद राहत नाही.

वही_खातं
भंगाराचं वजन करून वहीत लिहा. शिशाचा भाव मिळतो, तो वॉरंटीच्या खात्यात टाका. अन् पुढे वॉरंटी देताना चार्जर तपासल्याची तारीख पावतीवर लिहा. तोंडी काही नको.

कपाशी_९०_दिवस
पुढच्या वर्षी ३० एकदम नका आणू. जूनमध्ये दहा, मग लागतील तशा. उन्हाळ्यात त्या खोलीत कूलरच्या ताट्या ठेवा, विकतात तरी.

दहाचा_पान्हा
मोजल्या. ४ नग १२.४५ च्या वर, ४ मधातल्या, २ तं १०.८. पार्टनर गप झाला, टिनाची खोली त्यानंच सुचवली होती. २१ वॅटचा बल्ब नाही, जुन्या गाडीचा ३५/३५ चा हेडलाईट आहे. चालते का?

गेजवाला
चालतो. बल्बमधल्या दोन फिलामेंटपैकी एकच जोडा, दोन्ही नाही. जवळपास ३ अ‍ॅम्पियर ओढेल, म्हणून वेळ दोन तासांच्या आसपास धरा. तासाभरात पडली तर ती गेली. बल्ब पुठ्ठ्यावर ठेवू नका, जळेल.