मदत हवी आहे: नेपाळचे माओवादी लढवय्ये नेमके कोणत्या घरांतले?

नमस्कार मंडळी, एम.ए.च्या प्रबंधासाठी नेपाळच्या यादवी युद्धावर (माओवादी बंडखोर विरुद्ध सरकार, १९९६-२००६) वाचतेय. नेत्यांबद्दल ढीगभर सापडतं. पुष्पकमल दहाल ऊर्फ ‘प्रचंड’ आणि बाबुराम भट्टराई दोघंही बाहुन, म्हणजे ब्राह्मण, शिकलेले. भट्टराईंची तर जेएनयूतली पीएच.डी. मला हवेत ते बंदूक उचलणारे.

पश्चिमेकडच्या रोल्पा-रुकुम या डोंगराळ जिल्ह्यांतले मगर जमातीचे लोक बरेच होते, हे सगळेच लिहितात. पण ‘आदिवासी म्हणून गेले’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. माओवाद्यांविरुद्धच्या १९९८च्या ‘किलो सेरा टू’ पोलीस कारवाईनंतर कित्येक तरुण घर सोडून जंगलात गेले. तिथे जात आधी की पोलिसांची भीती? तराईतल्या बर्दिया जिल्ह्याकडचे थारू जमातीचे लोक आणखी वेगळे. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर, म्हणून जमीनदाराकडे कमैया, म्हणजे वेठबिगार, राबायचे. २०००मध्ये सरकारने त्यांना मुक्त केलं खरं, पण बऱ्याच जणांच्या वाट्याला जमीन काही आली नाही. शिवाय मुली! युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी माओवादी सैन्याची पडताळणी केली, तीत १९,६०२ जण लढवय्ये म्हणून पात्र ठरले, त्यांत साधारण पाचवा हिस्सा बायका.

तर, माजी लढवय्यांच्या मुलाखतींवर आधारलेलं काही कुणी वाचलंय का? नेपाळीतलं असलं तरी चालेल, अडखळत का होईना वाचते. सक्तीने नेलेल्यांबद्दल असेल तर आधी तेच सांगा.

आणखी एक. पुण्या-मुंबईत पश्चिम नेपाळची बरीच माणसं कामाला आहेत. त्यांच्याशी या विषयावर बोलायचं तर सुरुवात कशी करावी? आमच्या सोसायटीतल्या वॉचमनकाकांना थेट विचारणं मला बरं वाटत नाही.