थंडीने करपलेलं झाड पुन्हा फुटलं का? आपापले अनुभव सांगा

धागाकर्ती, ऑस्टिन (टेक्सास)
मंडळी, जानेवारीतल्या दोन रात्रींनी अंगणातल्या कढीपत्त्याची आणि मायर लिंबाची पार वाट लावली. कढीपत्ता काळा पडलाय. लिंबाची पानं चहाच्या चोथ्यासारखी झालीत आणि तशीच लटकून आहेत. नवरा करवत घेऊन तयारच आहे, मी कसंबसं थोपवून धरलंय. तुम्ही काय केलंत? झाड गेलं असेल तरी सांगा. फक्त स्वतः केलेलं लिहा, ऐकीव उपाय भरपूर झाले.

ह्यूस्टन
करवत लपवून ठेव बाई! २०२१च्या फेब्रुवारीत आमच्याकडे पारा १३ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे साडेदहा सेल्सिअसवर गेला होता. लिंबाला ऊब मिळावी म्हणून वर सोडायला जुन्या पिवळ्या दिव्यांची माळ आणली होती, पण वीजच गेली. शेवटी आईने शिवलेली गोधडी झाडाला पांघरली आणि आम्ही घरात कुडकुडत बसलो.

नंतर एक गोष्ट लक्षात आली. ज्या फांद्यांची पानं गळाली त्या जिवंत निघाल्या. ज्यांची वाळून चिकटून राहिली त्या मेलेल्या. पान गाळायलाही फांदीत जीव लागतो. नखाने साल खरवडायची, आत हिरवं दिसलं तर ठीक, तपकिरी असेल तर आणखी खाली खरवडायचं. एप्रिल संपेपर्यंत मी कात्री लावली नाही.

एप्रिलअखेर बुंध्यातून कोंब फुटले. पेढे वाटायचेच बाकी! पण पानं तीन-तीन दळांची आणि काटे हे एवढे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर बेल!" श्रावणी सोमवारी त्यांनी पिंडीवर वाहिलाही. तिसऱ्या वर्षी फळं धरली. लव असलेली, बियांनी गच्च, कडूजहर. तेव्हा ट्यूब पेटली. वरचं कलम कधीच मेलं होतं, जगला होता तो खालचा खुंट, म्हणजे ज्या दुसऱ्या झाडावर लिंबाचं कलम बांधलं होतं ते. इतकी वर्षं मी त्यालाच खतपाणी घालत होते. तेव्हा आधी कलमाची गाठ शोध. तिच्या खालून आलेला कोंब कोवळा असतानाच मोडून टाक.

डॅलस
२०२१च्या त्या थंडीत आमच्याकडे उणे २ फॅरनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सिअस होतं. जमिनीत लावलेला कढीपत्ता गेला. जूनपर्यंत वाट पाहिली, मुळापासूनही काही आलं नाही. शेजारचं अंजीर वरून पूर्ण वाळलं होतं, पण मेमध्ये जमिनीतून पाच-सहा फुटवे आले. त्यातले तीन ठेवले.

न्यू जर्सी
आमचा कढीपत्ता कुंडीत. दिवाळी झाली की गराजमध्ये. विषय संपला.

निफाड
तुमच्या आकड्यांपुढे आमचं काय, पण २०१८च्या डिसेंबरअखेर इथंही पारा २ च्या खाली उतरला होता. द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसले होते. आमच्या परसातल्या पपईचा शेंडा सकाळी उकडल्यासारखा मऊ झाला. चार दिवसांत खोड वरून सडत आलं. नाना म्हणाले, उपटा. मी सड संपून टणक लागेल तिथपर्यंत खाली कापलं. पपईचं खोड आतून पोकळ, त्यात पाणी साचलं की पुन्हा सडतं, म्हणून वर मडकं पालथं घातलं. फाल्गुनात कडेने तीन फुटवे आले. त्यातला जोमदार ठेवला, बाकीचे काढले. पुढं पपया लागल्या, जरा बारक्या.

नोएडा
माझी चूक सांगतो. जानेवारीत आंब्याचं दोन वर्षांचं रोप मलूल दिसलं, म्हणून युरिया घातला. कोवळी लालसर पालवी आली, आठवड्याभरात पुन्हा कडाका पडला आणि ती काळी पडली. रोप दगावलं. माळीबाबा भलताच चिडला. पुढच्या वर्षी त्याने नव्या रोपाला गवताचं छप्पर केलं. तीन बाजू बंद, आग्नेयेकडून उघडं, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. खत होळीनंतर. पाणी मात्र थंडीतही थोडं थोडं. ते रोप आता माझ्या खांद्याला लागतं.

ह्यूस्टन
एक राहिलंच. पानं गेली की उघड्या खोडावर थेट ऊन येतं आणि साल भाजून तडकते. मी पांढरा पाण्यातला रंग निम्मं पाणी घालून खोडाला फासला होता. पाणीही बेतानेच घाल. पानं नसलेलं झाड फार पीत नाही, मुळं कुजतात.

धागाकर्ती, ऑस्टिन
एप्रिल उजाडला, म्हणून कळवते. लिंबाच्या कलमाची गाठ मातीपासून चार बोटं वर सापडली. तिच्या वर वीतभर साल खरवडल्यावर हिरवी आहे, बाकी शांतता. तिच्या खालून त्रिदळी कोंब आलाच होता, ताई, तुझी आठवण काढून मोडला. कढीपत्त्याचं खोड वाळकंच आहे, पण त्याच्यापासून हातभर लांब, गवतात, पोपटी काडी वर आलीय. एक पान चुरगळून पाहिलं, वास तोच. करवतवाल्याने तिच्याभोवती चार काठ्या रोवून सुतळी बांधलीय, गवत कापताना यंत्र तिच्यावरून जाऊ नये म्हणून.