नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि घरात डेंगी

लातूरकर: २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आमच्याकडे दोन बॅरल कायम भरलेली असतात. नळ आठ-दहा दिवसांनी येतो. गेल्या महिन्यात धाकटीला डेंगी झाला. घर लख्ख, गटार लांब. मग डास आला कुठून?

आशाताई: दादा, त्या बॅरलमधूनच. डेंगी पसरवणाऱ्या एडीस डासाची मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालते, आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे तुमच्या नळाची पाळी येईपर्यंत. मी घरोघर बॅटरी मारून अळ्या बघते. "पाणी ओता" म्हटलं की बाया रडवेल्या होतात. त्यांचं चुकत नाही, पुढचं पाणी कधी येईल ते कुणी सांगावं? म्हणून ओतू नका. फडक्यानं गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या आणि रिकामं बॅरल आतून काथ्यानं घासा. अंडी कडेला चिकटतात, कोरडी महिनोन्‌महिने टिकतात.

लातूरकर: घासत कधीच नव्हतो, नुसतं विसळायचो. झाकण तर फुटलंय.

आशाताई: जुनं धोतर दुहेरी करून दोरीनं घट्ट बांधा.

एक शेजारी: बंद घरांच्या टाक्याही बघा. हा डास फार लांब उडत नाही, गल्लीतलाच असतो.