सेफ्टीचं बजेट टक्क्यांत कोण काढतं?

फिटर_भोसरी:
काल एका कन्सल्टंटची पोस्ट वाचली, "लहान कारखान्यांनी उलाढालीचा एक टक्का सेफ्टीला काढावा, निम्मा पीपीईला (हेल्मेट, बूट, हातमोजे), उरलेला ट्रेनिंगला आणि सेफ्टी वीकला." डोकंच फिरलं. अरे कारखान्यात मशीन कुठली आहेत ते तरी आधी विचार! प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, बोटं जातात ती हेल्मेट नव्हतं म्हणून नाही, हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, जातो म्हणून जातात. एकेका प्रेससमोर उभं राहा, पीस टाकताना काढताना हात कुठे जातो ते बघून लिहा, त्याला जे लागेल त्याचं कोटेशन मागवा, आणि त्याची बेरीज होईल ते बजेट. ४ मार्चच्या सेफ्टी डेच्या बॅनरला लगेच पैसे निघतात, गार्डची (हात आत जाऊ न देणारा आडोसा) मागणी मात्र पर्चेसमध्ये महिनोनमहिने पडून राहते.

जॉबवर्क_चाकण:
बोलायला काय जातंय. माझ्याकडच्या सगळ्या प्रेस जुन्या, एका प्रेसला लाईट कर्टनचं (हात आडवा आला की थांबायचा सिग्नल देणारा प्रकाशाचा पडदा) कोटेशन आलं त्यात माझी नवी डाय झाली असती. कस्टमर दरवर्षी रेट पाडून मागतो आणि वर ऑडिटला येऊन आम्हालाच विचारतो सेफ्टी काय केली. टक्का ठरलेला असला तर निदान पार्टनरला दाखवता येतो. आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पगारावर ३.२५ टक्के दर महिन्याला भरतो ते कशासाठी?

फिटर_भोसरी:
साहेब, जुन्या प्रेस म्हणजे की-क्लचच्या, लोखंडी कीने चाकाला गुंतणाऱ्या, असणार. त्यांना लाईट कर्टन लावूच नका, पैसे पाण्यात. क्लच एकदा गुंतला की स्ट्रोक पूर्ण झाल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, थांबत नाही, मग कर्टनने सिग्नल देऊन उपयोग काय? विकणारा हे सांगत नाही. पट्टीतून ब्लँकिंग करत असाल, म्हणजे पत्र्याच्या पट्टीतून तुकडे कापत असाल, तर फिक्स गार्ड करा, पट्टी आत सरकेल एवढीच फट ठेवायची, बोट जाता कामा नये. तुमच्याच टूलरूममध्ये पत्रा आणि अँगल वापरून होतो. जिथे सुटा पीस हाताने ठेवायचा आहे त्याच प्रेसला मोठा खर्च, इंटरलॉकचं गेट (बंद झाल्याशिवाय प्रेस चालत नाही) नाहीतर क्लच बदलून न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरचा, मध्येच सुटणारा) करणं. सरसकट टक्का लावला तर हा फरक कुठे दिसणार?
आणि ईएसआयचं म्हणाल तर त्यांच्या तक्त्यात अख्खी तर्जनी गेली की कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं धरतात, अंगठ्याला ३०. तर्जनी गेलेल्या ऑपरेटरला पुन्हा प्रेसवर कोण उभं करतं सांगा.

नाईटशिफ्ट_वाळूज:
माझ्या चुलत भावाची दोन बोटं गेली. प्रेस डबल मारत होती, एकदा चालवली की दोनदा खाली यायची, आठवडाभर सुपरवायझरला सांगत होता, उत्तर एकच, माल जाऊ दे मग बघू. क्लचची की झिजलेली होती. ते काम मेंटेनन्सच्या बजेटमध्ये की सेफ्टीच्या यावरच साहेबांचं अडलेलं.
आणि तुम्ही पीपीई पीपीई म्हणताय, ठेकेदाराच्या पोरांना बूट कोण देतो ते बोला ना. आमच्याकडे पहिल्या पगारातून कापतात.

जॉबवर्क_चाकण:
बुटांचं मला सांगू नका. पोरगा सोमवारी बूट घेतो आणि शनिवारी गायब. मी दुकान उघडलंय का?

नाईटशिफ्ट_वाळूज:
पोरगा का गायब होतो? बारा तास उभं करून आठ तासाचा पगार दिल्यावर काय तुमची पूजा करत बसेल? एकदा त्याच्या जागी उभे राहा मग बोला.

जॉबवर्क_चाकण:
तोंड सांभाळून. माझ्याकडे ओव्हरटाईम डबलने देतो, येऊन रजिस्टर बघ.

सेफ्टीवाली_रांजणगाव:
भांडण बाजूला ठेवा. १९४८च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टपासूनच ठेकेदारामार्फत आलेलाही कामगारच धरलाय, आणि कायद्याने द्यायच्या सोयीचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत हे कलम ११४ मध्ये स्पष्ट होतं. बूट कंपनीच्या खर्चात धरायचे, पोरं सोडून जातात हे माहीत आहे तर जोड्या जास्त धरा.
फिटरभाऊ, तुमचं मशीनवारीचं पटलं, पण ट्रेनिंगला एवढं हलकं धरू नका. आणि एक खर्च तुम्हीपण विसरलात, वेळेचा. गार्ड लावला की डाय बदलायला वेळ जास्त लागतो. तो टार्गेटमधून वजा केला नाही तर सेकंड शिफ्टला गार्डचे बोल्ट खिशात आणि गार्ड भिंतीला टेकवलेला, मी स्वतः उचलून परत लावलेत. प्रॉडक्शन मॅनेजरची सही नसलेलं सेफ्टी बजेट मी वर पाठवतच नाही.

फिटर_भोसरी:
वेळेचं बरोबर आहे, धरायलाच हवा. ट्रेनिंग प्रेसजवळ उभं राहून देणार असाल तर माझी ना नाही. हॉलमध्ये बसवून समोसा देऊन सह्या घ्यायच्या त्याला माझा विरोध होता आणि राहील.

जॉबवर्क_चाकण:
ठीक आहे, ब्लँकिंगच्या प्रेसना गार्ड करून घेतो, तेवढं परवडतं. सुट्या पीसच्या दोन प्रेसचं यावर्षी एकीचं होईल. बुटांचं ठेकेदाराशी बोलतो, पण रेट वाढवून मागणार तो, लिहून ठेवा.

नाईटशिफ्ट_वाळूज:
मागू दे. आणि जी प्रेस यावर्षी होणार नाही तिच्यावर तोवर हाताने पीस टाकू देऊ नका, निदान मॅग्नेटचा चिमटा द्या.